डावीकडे वळताना

गाडी सरळ चालली की काही वाजत नसे. उजवीकडे वळली तरी वाजत नसे. डावीकडे चाक फिरवलं की मात्र पुढून कुठून तरी 'कुर्रर्र' असा आवाज यायचा आणि वळण संपता संपता 'टक्!' कुर्रर्र म्हणजे जुनं लाकडी कपाट उघडावं तसं, आणि टक् म्हणजे त्या कपाटातून काहीतरी आपल्या पायावर पडावं तसं.

पहिल्यांदा हा आवाज झाला तो भर बाजारात. शेजारून चाललेल्या टांग्याच्या घोड्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी प्रभाकर पागनीस. आमच्या घराण्यानं चार पिढ्या सरकारी पागेवर घोडे सांभाळले. घोडा आपल्याकडे कोणत्या नजरेनं बघतोय, एवढं मला कळतं.

गाडी मी हौसेनं घेतली असं उज्जैनच्या फ्रीगंजातल्या आमच्या गल्लीत सगळे धरून चालले होते. तशी थोडी हौस होती, नाही म्हणत नाही. पण खरं कारण माझी थोरली बहीण, अक्का. अक्का एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली, विसाव्या वर्षी वडिलांशी भांडून नर्सिंग शिकायला गेली आणि पुढची पंचवीस वर्षं इथल्या जनाना इस्पताळात दुसऱ्यांच्या हाताखाली राबली. छप्पन सालच्या सप्टेंबरात तिला पहिल्यांदा स्वतःचं असं काही मिळालं. रतनखेडी गावी नवं प्रसूतिकेंद्र निघणार होतं आणि अक्का त्याची प्रमुख. फक्त हुकमाच्या शेवटच्या ओळीत एक अट होती: एकतीस ऑक्टोबरपर्यंत जागेवर जाऊन रुजू व्हावे.

कारण एक नोव्हेंबरला आमचं मध्यभारत हे राज्यच संपणार होतं. नवं मध्य प्रदेश होणार, कारभार भोपाळला जाणार. तोवर जी जागा भरली ती भरली. जी राहिली ती नव्या राज्यात 'फेरविचारार्थ' जाणार. मी स्वतः सरकारी कचेरीत हेडक्लार्क. फेरविचारार्थ गेलेला कागद परत आलेला मी बावीस वर्षांत पाहिलेला नाही.

रतनखेडी बावीस मैलांवर. बस फाट्यापर्यंत जाते, पुढचे सहा मैल बैलगाडीची वाट. बरोबर औषधांच्या चार पेट्या, हत्यारं उकळायचं भांडं आणि तान्ह्या मुलांचा वजनकाटा. विभागाची जीप मागितली, तर ती भोपाळला फायली वाहण्यात गुंतलेली. तेव्हा मी जेवता जेवता म्हणून गेलो, "अक्का, तू काळजी करू नकोस. मी नेतो तुला. गाडीनं."

"कुठल्या गाडीनं?" अक्कानं विचारलं.

तो प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर म्हणून मी आठ दिवसांत भय्यासाहेबांची गाडी घेतली. भय्यासाहेब हे जहागिरी गेलेले जहागिरदार. जहागिरी गेल्यावर त्यांनी आधी घोडे काढले, मग झुंबरं, मग ही गाडी. काळी, विलायती, चार दारांची. त्यांच्याच जुन्या ड्रायव्हरनं मला चार दिवस ग्राउंडवर चालवायला शिकवलं. ग्राउंड गोल होतं आणि आम्ही उजवीकडूनच फिरत होतो. म्हणून पाचव्या दिवसापर्यंत मला काही कळलं नाही.

कळल्यावर मी अत्यंत सुसंस्कृत मार्ग काढला. डावीकडे वळायचंच नाही. ज्याला डावीकडे जायचं आहे त्यानं थोडं पुढे जाऊन तीनदा उजवीकडे वळावं, तो आपोआप डावीकडे जातो. फ्रीगंजाचे रस्ते पाटीवर रेघा मारल्यासारखे सरळ आखलेले असल्यामुळे हे गणित तिथे झकास जमतं. घड्याळाच्या टॉवरवरून कचेरी सात मिनिटांची, या पद्धतीनं एकोणीस मिनिटांत पोचता येतं. आठवडाभर लोकांना वाटलं, पागनीसबाबू नवी गाडी मिरवायला टॉवरला प्रदक्षिणा घालताहेत. वाटू द्या.

पण सरकारी औषधांनी घोळ घातला. भांडारातल्या बाबूंनी सांगितलं की पेट्या खासगी गाडीतून न्यायच्या असतील तर गाडी कर्मचाऱ्याच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या नावावर हवी. गाडी अजून भय्यासाहेबांच्या नावावर. ती माझ्या नावावर करायची तर मोटारींच्या इन्स्पेक्टरानं ती पाहायला हवी. बावीस तारखेला, सोमवारी, मी गाडी घेऊन त्यांच्या कचेरीत हजर.

इन्स्पेक्टर सज्जन होते. त्यांनी दिवे पाहिले, भोंगा वाजवून पाहिला. अंगणात एक फेरी मारायला सांगितली. अंगणात मधोमध चिंचेचं झाड आणि डाव्या हाताला निकालात काढलेली कपाटं, त्यामुळे फेरी उजवीकडूनच मारावी लागे. त्या झाडाला मी मनातल्या मनात हात जोडले. इन्स्पेक्टर म्हणाले, "बढ़िया गाड़ी है, पागनीसजी. काग़ज़ दोपहर को ले जाना."

मी विजयी मुद्रेनं फाटकाबाहेर पडलो. फाटकाबाहेर रस्ता फक्त डावीकडे जातो.

कुर्रर्र. टक्!

"रुकिए!" पाठीमागून आवाज आला.

इन्स्पेक्टरांनी कागदावर लाल शाईनं लिहिलं: पुढच्या भागात वळताना आवाज, दुरुस्त करून पुन्हा दाखवावी, तोवर वाहन शहराबाहेर नेऊ नये. हातात नऊ दिवस.

घरी आलो तर शेजारचे तात्या फाटकात उभे. तात्या रेल्वेतले निवृत्त गार्ड. छत्तीस वर्षं त्यांनी हिरवी-लाल झेंडी दाखवली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही चाकाबद्दल शेवटचा शब्द आपला, असं त्यांचं मत होतं.

"हॉट ॲक्सल," तात्या न पाहताच म्हणाले.

"तात्या, चाक गरम होत नाही. वाजतं."

"आधी वाजतं, मग गरम होतं. तेव्हा बघायला तुम्ही नसता." असं म्हणून ते घरातून हातोडी घेऊन आले. स्टेशनात गाडी थांबली की एक माणूस चाकांवर ठोके मारत जातो ना, तसे ते माझ्या गाडीभोवती ठोके मारत फिरले. प्रत्येक ठोक्यानंतर कान टवकारायचे आणि मान हलवायचे. मागच्या चाकावरची चकचकीत टोपी तिसऱ्या ठोक्याला निखळली आणि घरंगळत गटारात गेली.

"ही सैल होती," तात्या म्हणाले. "बरं झालं आत्ताच कळलं."

माझी बायको नंदा खिडकीतून बघत होती. ती म्हणाली, "अहो, एखाद्या मिस्त्रीला दाखवा ना." ही सूचना इतकी साधी होती की माझ्या अभिमानाला ती मानवेना. पहिल्यांदा गाडी घेतलेल्या माणसाला दोन दिवस तरी वाटत असतं की आपल्याला मोटारीतलं कळतं.

त्यात वरच्या बिऱ्हाडातल्या अंबिकाबाई उतरल्या. त्यांचे गुडघे कुरकुरत. त्यांनी सांगितलं की सांधा माणसाचा असो की मोटारीचा, त्याला एरंडेलच लागतं, आणि अख्खी बाटली माझ्या हातात दिली. मला ते पटलं. अजूनही ते अगदीच चूक होतं असं मी म्हणणार नाही. चूक एवढीच की मी आडवा पडून ती बाटली पुढच्या दोन्ही चाकांच्या आसपास, जिथे जिथे फट दिसेल तिथे तिथे ओतली. त्यातल्या बऱ्याच फटी ब्रेकच्या निघाल्या.

हे मला गुरुवारी देवास गेटाच्या उतारावर समजलं. मी ब्रेक दाबला. गाडीनं त्याची दखल घेतली नाही. मी आणखी दाबला, भोंगा वाजवला, "हटो, हटो!" म्हणून ओरडलो. बसअड्ड्यावरची माणसं दोन्ही बाजूंना झाली आणि गाडी अगदी संथपणे, लग्नातल्या वरातीसारखी, दिवाळीसाठी रचून ठेवलेल्या झाडूंच्या ढिगात शिरली. तिथे ती थांबली. मऊ थांबली. एका माणसाला लागलं नाही, एक काच फुटली नाही. फक्त टपावर, भोंग्यावर आणि माझ्या मांडीवर झाडू.

झाडू विकणारी म्हातारी कंबरेवर हात ठेवून खिडकीशी आली. "बाबूजी," ती म्हणाली, "धनतेरस को अभी छह दिन हैं. इत्ती काय की जल्दी?"

मी बारा झाडू घेतले. त्या प्रसंगी तेवढे घेणंच शोभून दिसलं.

गाडी लोकांनी ढकलत ढकलत समोरच्याच गॅरेजात नेली, त्यामुळे मिस्त्रीकडे जाण्याचा निर्णय माझा मला घ्यावा लागला नाही. गफूर मिस्त्री साठीचे, पांढरी दाढी, बोटं काळी. त्यांनी चाकाजवळ नाक नेलं, वास घेतला आणि खिन्नपणे विचारलं, "एरंडी का तेल?"

"हो."

"कब्ज़ तो नहीं था न गाड़ी को?"

गाडीला बद्धकोष्ठ! गॅरेजात हशा झाला. मी रुमालानं मांडीवरच्या काड्या झटकत राहिलो.

गफूर मिस्त्रींनी ब्रेक धुऊन काढले. मग डावं चाक उचललं, हलवलं आणि निदान सांगितलं: किंगपिन. पुढचं चाक वळतं ते एका जाड खिळ्यावर, दाराचं बिजागर असतं तसं. त्या खिळ्याला वंगण मिळालं नाही की तो ओरडतो. शुक्रवारी त्यांनी दोन्ही बाजूंचे खिळे काढले, घासले, चरबी भरून परत बसवले. आम्ही फेरी मारायला निघालो. डावं वळण आलं. मी चाक फिरवलं.

कुर्रर्र नाही! मी मिस्त्रींचा हात धरणार, एवढ्यात वळण संपलं.

टक्!

"आधा मर्ज़ गया," गफूर मिस्त्री म्हणाले. पण त्यांचा चेहरा पडला होता.

उरलेला अर्धा आजार काही सापडेना. शनिवारी सकाळभर त्यांनी डाव्या बाजूचं जे जे सुटू शकतं ते ते सोडून पाहिलं. तात्या आले, हातोडी घेऊन. बसअड्ड्यावरचे दोन ड्रायव्हर आले. एकानं सांगितलं चाकाचं बेअरिंग, दुसऱ्यानं सांगितलं गाडी विकून टाका. मी एका स्टुलावर बसून तारखा मोजत होतो. सत्तावीस. अठ्ठावीसला रविवार. भांडारात अक्कानं पेट्यांवर नावं घालून ठेवली होती, ती मला दिसत होती.

दुपारी ती स्वतःच आली. इस्पताळातून परस्पर, पांढऱ्या लुगड्यात, खांद्याला पिशवी. मी तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिनं लहानपणी बघायची तसं माझ्याकडे पाहिलं.

"कधी वाजतं?"

"डावीकडे वळताना."

"मग सगळे डावीकडेच काय बघताय?"

अक्का म्हणाली, "बाई डाव्या कुशीवर वळताना ताण कुठल्या अंगाला येतो? गाडी डावीकडे वळली की तुम्ही आतले सगळे कुठे कलंडता?"

"उजवीकडे," मी म्हणालो.

"म्हणजे भार उजव्या अंगावर. जिथे भार, तिथे कळ." एवढं बोलून तिनं पिशवीतून तिची लाकडी नळी काढली. कर्ण्यासारखी, वीतभर लांब. गरोदर बाईच्या पोटाला एक तोंड लावायचं, दुसऱ्याला कान, की आतल्या बाळाचे ठोके ऐकू येतात. पंचवीस वर्षं कानाला लागून त्या नळीची एक बाजू गुळगुळीत झाली होती.

गफूर मिस्त्री पुढे झाले. "बाईजी, ये मोटर है."

"भाईसाहब, तुम अंदर बैठो. तुम भी, दोनों ड्रायवर भैया. प्रभाकर, तू चाक धर. और सब मिलके झूलो."

आम्ही चौघं गाडीत बसून झुललो. बाहेर अर्धा बसअड्डा गोळा झाला होता. एका प्रवाशानं दुसऱ्याला विचारलेलं मला ऐकू आलं, "किसका जापा है?" म्हणजे बाळंतपण कुणाचं. मी समोरच्या काचेतून दूरवर बघत, आपण या गावचे नाही अशा चेहऱ्यानं झुलत राहिलो.

अक्का उजव्या चाकामागे वाकली होती. नळी लोखंडाला लावायची, डोळे मिटायची. "इथे नाही. इथे लांबून येतोय." सरकायची. "अजून लांबून." पुन्हा सरकायची. अखेर ती बराच वेळ एका जागी थांबली आणि हात वर केला.

"इथे आहे. बाकी सगळीकडे नुसता पोचतोय, इथून निघतोय."

पुढच्या चाकावर जी पोलादी पट्ट्यांची कमान असते, तिचं मागचं टोक गाडीच्या सांगाड्याला एका झुलत्या कडीनं टांगलेलं असतं. अक्काची नळी त्या कडीवर होती. गफूर मिस्त्री खाली शिरले. कडीचा खिळा बाहेर आला आणि त्याच्या मागोमाग आतलं धातूचं नळकांडं. त्याला बुश म्हणतात. एका बाजूनं ते झिजून अंड्याच्या टरफलासारखं झालं होतं. खिळा त्यात सैल हिसके खात होता, आणि तोच हिसका म्हणजे आमचा टक्.

गफूर मिस्त्रींनी ते नळकांडं कपड्यानं पुसून अक्काच्या तळहातावर ठेवलं. "बाईजी," ते म्हणाले, "चालीस बरस में पहली बार किसी ने मुझसे अच्छा सुना."

"मला माणसाचं कळतं हो, मोटारीचं नाही," अक्का म्हणाली आणि इस्पताळात परत गेली. तिची दुपारची पाळी होती.

आता नवा बुश हवा. मुंबईहून मागवायला निदान पंधरा दिवस. मिलच्या वर्कशॉपात गफूर मिस्त्रींचा मावसभाऊ लेथवर काम करी, तो करून देईल. पण धातू हवा गनमेटल, तांबं-कथलाचा चिवट मिश्रधातू, आणि तो जुना, मुरलेला. "नया माल घिस जाएगा इस रस्ते पे," मिस्त्री म्हणाले. साऱ्या उज्जैनमध्ये दिवाळीच्या तोंडावर भांड्यांची दुकानं ओसंडून वाहत होती. पितळ हवं तेवढं होतं, पण गनमेटल कुणाकडे नाही.

रविवारी सकाळी मी भय्यासाहेबांकडे गेलो. धातू मागायला नाही, भांडायला. हे मी कबूल करतो. एवढे दिवस माझी जी शोभा झाली होती तिचं खापर फोडायला एक डोकं हवं होतं.

भय्यासाहेब व्हरांड्यात नातीच्या वहीत चित्र काढत बसले होते. "माझ्या वेळी गाडी कधी वाजली नाही," ते म्हणाले.

"आपण मागच्या सीटवर बसत होतात, आणि ड्रायव्हर सतत भोंगा वाजवत असे."

"तो भोंगा मी सांगितलेला नव्हता." त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली. "म्हणजे, त्यासाठीच वाजवत असेल, होय?" त्यांना इतकं मनापासून वाईट वाटलं की माझं भांडण तिथेच विरघळलं. मी झिजलेला बुश दाखवला आणि अडचण सांगितली. अक्काचं नाव निघालं तशी त्यांनी वही खाली ठेवली.

"तुमच्या भगिनी? इस्पताळातल्या? अहो, या आमच्या अहल्येला जगात त्यांनी आणली. आठ वर्षं झाली. डॉक्टर हात टेकून बसले होते." नात वहीतून मान वर करून माझ्याकडे बघू लागली. भय्यासाहेब उठले. "चला माझ्याबरोबर."

मागच्या अंगणात एक तोफ होती. लहानशीच, वासराएवढी. दसऱ्याला तिचा बार व्हायचा. राज्यं विलीन झाली तेव्हा पोलिसांनी येऊन तिच्या तोंडात लाकडी बूच ठोकलं आणि त्यावर लाख लावून मोहोर उमटवली. ती मोहोर भय्यासाहेबांनी आठ वर्षं प्रामाणिकपणे जपली होती.

"सरकारी मोहोर तोंडावर आहे," ते विचार करत म्हणाले. "चाकांवर नाही. चाकांचे बुश गनमेटलचे आहेत. आमच्या आजोबांच्या वेळचे."

मी म्हणालो, "भय्यासाहेब, ही तुमच्या घराण्याची—"

"ती कुठे जायची आहे आता? तिला चाकं कशाला?" असं म्हणून त्यांनी स्वतः पाना हातात घेतला. पाना उलटा धरला होता, एवढंच.

सोमवारी मिलमधल्या लेथवर तोफेचा बुश मोटारीचा झाला. मंगळवारी सकाळी गफूर मिस्त्रींनी तो ठोकून बसवला, आणि मी गॅरेजाच्या फाटकातून निघून सलग चार वेळा डावीकडे वळलो. पाचव्यांदा केवळ आनंदासाठी. गाडी गप्प. तात्या म्हणाले, "मी म्हटलंच होतं, चाक नाही."

आता फक्त इन्स्पेक्टरांची सही. त्यांनी आवाज ऐकला, म्हणजे ऐकला नाही, आणि लगेच सही केली. "बस, सिक्का लगवा लो."

शिक्का नव्हता. कारकून कपाळाला हात लावून बसला होता. कचेरीचं सगळं दप्तर भोपाळला जायला पोत्यांत भरून झालं होतं, पोती शिवून झाली होती, आणि शिक्का त्यांतल्या एकात होता. पोती एकवीस. ट्रक संध्याकाळी चारला.

"अगले महीने आइए," कारकून म्हणाला. "नया राज, नया सिक्का."

या क्षणी मला आयुष्यात पहिल्यांदा आपण हेडक्लार्क असल्याचा अभिमान वाटला. मोटारीतलं मला कळत नाही. तोफेतलं कळत नाही. पण कचेरीतला माणूस शेवटच्या दिवशी काय करतो हे मला कळतं. मी विचारलं, "तुमच्या बडे बाबूंची गादी कुठल्या पोत्यात आहे?"

"चौदह नंबर. क्यों?"

"उसवा."

बडे बाबूंच्या खुर्चीवरची गादी बाहेर आली. तिच्या खोळीत तपकिरीची डबी, चार टाचण्या, एक अर्धी सुपारी आणि शिक्का निघाला. शेवटच्या घटकेपर्यंत लागणाऱ्या वस्तू माणूस बुडाखाली ठेवतो, आणि शिपाई गादी जशी आहे तशीच भरतो. कारकुनानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. गेल्या पंधरा दिवसांत तसं कुणी पाहिलं नव्हतं. पोतं परत शिवायला मी त्याला मदत केली. शिक्क्याचा कागद दाखवून संध्याकाळी भांडारातून पेट्याही सोडवल्या.

बुधवारी, एकतीस तारखेला, सकाळी आठला आम्ही निघालो. नंदानं चकल्यांचा डबा दिला आणि अक्काच्या पाया पडली. "वन्सं, रुजू होऊन रात्री घरीच या, दिवाळी आहे." अक्का पुढे बसली, मांडीवर पिशवी. फाट्यापर्यंत रस्ता ठीक होता. पुढचे सहा मैल आम्हाला अडीच तास लागले. दोनदा नाला, एकदा गव्हाच्या पेरणीला निघालेल्या बैलांचा तांडा, एकदा मी स्वतःच चुकलेला रस्ता. अक्का एकदाही "जपून" म्हणाली नाही. तिनं तसं म्हणायला हवं होतं असं मला दोन-तीन जागी वाटलं.

रतनखेडीचं केंद्र म्हणजे पंचायतीची चुन्यानं पांढरी केलेली एक खोली. सरपंच हार घेऊन उभे होते, पण हार घालायला त्यांना वेळ मिळाला नाही. एक बाई धावत आली आणि अक्काचा हात धरून म्हणाली, "बाईजी, म्हारी बहू. काल रात से." अक्कानं पिशवी उचलली आणि तिच्यामागे गेली.

हे सगळं चांगलंच होतं. पण रुजू झाल्याचा कागद माझ्या खिशात होता. त्यावर अक्काची सही हवी होती, सरपंचांची साक्ष हवी होती आणि पाचच्या आतली वेळ हवी होती. बारा वाजता मी त्या घराच्या दाराबाहेर उभा राहून म्हटलं, "अक्का, एक सही."

"थांब."

दोन वाजता मी पेन उघडून दाराच्या फटीतून आत सरकवलं. कुणीतरी ते परत बाहेर सरकवलं. तीन वाजता आतून बाईचं ओरडणं आणि अक्काचा आवाज येत होता. शांत, एका लयीतला, मी कधी न ऐकलेला. "हाँ बेटा. अभी नहीं. अभी नहीं. अब." मी घड्याळ खिशात ठेवून दिलं. पहिल्यांदाच मला वाटलं की कागद गेला खड्ड्यात.

चार वाजून वीस मिनिटांनी मूल रडलं. ओटीवर बसलेल्या बायका एकदम बोलू लागल्या. आणखी दहा मिनिटांनी दार उघडलं. अक्काच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या, केस कपाळाला चिकटलेले.

"मुलगी," ती म्हणाली. "उलटी होती. दोघी ठीक आहेत. कुठे करायची सही?"

तिनं पदराला हात पुसले आणि भिंतीला कागद टेकवून सही केली. कुणाची तरी मुलगी नव्हे, अमक्याची विधवा नव्हे; आपलं नाव आणि त्याखाली 'प्रमुख, प्रसूतिकेंद्र, रतनखेडी'. सरपंचांनी वेळ घातली: चार वाजून एकतीस. आमच्या राज्याचे शेवटचे काही तास शिल्लक होते, आणि त्यांतला एवढासा तुकडा तिच्या वाट्याला आला होता.

मग सगळे अक्काभोवती जमले. खाट आली, खाटेवर सतरंजी आली, हार आला, पितळी पेल्यात दूध आलं. बायका एकेक करून येत होत्या आणि पदराआडून हळू आवाजात आपापलं काही सांगत होत्या. अक्का प्रत्येकीचं ऐकत होती. मी गाडीशेजारी उभा होतो, सकाळपासून चकल्यांवर. आज आपण केवढं काम केलं आहे हे कुणीतरी विचारेल, अशी माझी माफक अपेक्षा होती.

तेवढ्यात नव्या मुलीची आजी माझ्यासाठी कुल्हडात चहा घेऊन आली. "लो, ड्रायवर साब," ती म्हणाली. "आप भी पी लो. थक गए होंगे."

मी हेडक्लार्क पागनीस. माझ्या जिभेवर खुलासा आला होता. मी अक्काकडे पाहिलं. तिनंही ऐकलं होतं. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. एका पोरीच्या पोटावर हात ठेवून ती काहीतरी विचारत होती, आणि ती पोरगी अशा तोंडानं तिच्याकडे बघत होती की इतके दिवस ही बाई होती कुठे.

मी चहा घेतला. गोड होता, आल्याचा.

दिवाळीपुरती अक्का माझ्याबरोबर परत निघणार हे बायकांत कळलं होतं. आजीनं गाडीकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. तिला मघापासून काहीतरी विचारायचं होतं. "पहले भी तीन बार बोल के गए थे साब लोग," ती म्हणाली. "कोई नी आया. ड्रायवर साब, सच बोलो. बाईजी फिर आएँगी?"

"सोमवार को," मी म्हणालो. "सुबह दस बजे तक. मैं ख़ुद लाऊँगा."